कैसराच्या नावाचे शहर

पुनरुत्थान रविवारी सकाळी आपण सारे नव्या कपड्यांत चर्चमध्ये बसलेलो असतो. पहिले वाचन सुरू होते. दरवर्षी तेच : प्रेषितांची कृत्ये, अध्याय १०. संत पेत्र बोलायला सुरुवात करतात आणि प्रभू येशूची सारी हकिकत थोडक्यात सांगतात. गालीलातली सुरुवात, लोकांचे बरे होणे, क्रुसावरचे मरण, तिसऱ्या दिवशीचे उठणे, आणि त्यानंतर आम्ही त्यांच्याबरोबर जेवलो ही साक्ष. वाचन संपते, आपण उत्तर देतो आणि स्तोत्राकडे वळतो.

पण हे प्रवचन पेत्रांनी केले कुठे? यरुशलेमच्या मंदिरात की गालीलच्या सरोवराकाठी? वाचनाच्या त्या तुकड्यात गावाचे नाव येतच नाही. यंदा आमच्या बायबल अभ्यासवर्गात हा प्रश्न निघाला, तेव्हा आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागलो. मग सर्वांनी बायबल उघडून अध्यायाचा पहिला शब्द पाहिला : कैसरिया. त्यावर कोणीतरी म्हणाले, "हो, हो, तेच ते गाव, जिथे 'तू ख्रिस्त आहेस' असे पेत्र म्हणाले." ते मात्र चूक होते. गावाचे नाव सारखे, पण गाव वेगळे.

तेव्हा आम्ही ठरवले की या एका शहराची ओळख नीट करून घ्यायची. जे हाती लागले ते या पानांतून आपल्यापुढे ठेवत आहोत. सोबत बायबल उघडून वाचल्यास अधिक चांगले.

१. एक नाव, तीन शहरे

प्रथम घोटाळा दूर करू. प्राचीन काळी कैसरिया नावाची अनेक शहरे होती. त्यांपैकी तीन आपल्या कानांवरून जातात.

पहिले फिलिप्पाचे कैसरिया. हे उत्तरेला, हर्मोन पर्वताच्या पायथ्याशी, यार्देनच्या उगमाजवळ. मत्तयच्या शुभवर्तमानात (१६:१३) पेत्रांनी ख्रिस्ताची कबुली दिली ती याच भागात. तिथे समुद्र नाही. दुसरे कप्पदुकियाचे कैसरिया. महान संत बेसिल तिथले बिशप. ते शहर आजच्या तुर्कस्तानात असून त्याला कायसेरी म्हणतात. तिसरे समुद्रकाठचे कैसरिया. भूमध्य समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावर, आजच्या तेल अवीव आणि हैफा या शहरांच्या मध्ये त्याचे अवशेष आहेत. प्रेषितांच्या कृत्यांत कैसरिया म्हटले की ते हेच.

तिन्ही नावे एकाच नावावरून आली : कैसर, म्हणजे रोमचा सम्राट. मुळात हे ज्युलियस सीझरच्या घराण्याचे आडनाव. इ.स.पू. ४४ मध्ये त्याचा खून झाला. त्याचा दत्तकपुत्र ऑक्टेवियन याने ते नाव घेतले, आणि इ.स.पू. २७ मध्ये रोमच्या सिनेटने त्याला 'ऑगस्टस' ही पदवी दिली. प्रभू येशूच्या जन्माच्या वेळी ज्याने शिरगणतीचा हुकूम काढला (लूक २:१) तो हाच. त्याच्यामागून येणाऱ्या प्रत्येक सम्राटाने कैसर हे नाव लावले आणि आडनावाची पदवी झाली. जर्मनांचा कैसर आणि रशियाचा झार हे शब्दही त्यातूनच निघाले. १८७७ च्या दिल्ली दरबारात इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीला 'कैसर-इ-हिंद' घोषित केले गेले, तेव्हा हे नाव आपल्या देशातही येऊन पोचले.

अशा नावाचे शहर वसवणे म्हणजे आपण कोणाचे आहोत हे जगाला सांगणे होय. हे ज्याने सांगितले त्याचे नाव हेरोद.

२. समुद्रात बांधलेले बंदर

हेरोदापूर्वी इथे 'स्ट्राटोचा बुरूज' नावाचे एक लहान बंदर होते. ते फिनिकी लोकांनी वसवलेले. पुढे ते यहुदी राजांच्या हाती गेले, मग रोमनांच्या. इ.स.पू. ३० मध्ये ऑगस्टसने ते हेरोदाला देऊन टाकले. बाळ येशूच्या जिवावर उठलेला राजा तो हाच.

हेरोदाला रोमशी व्यापार करायचा होता आणि रोमला खूषही ठेवायचे होते. पण इथे खाडी नाही, मोठ्या नदीचे मुख नाही, वाऱ्याला आडोसा देणारे बेट नाही. अशा उघड्या किनाऱ्यावर जहाज लावणे म्हणजे काय, हे समुद्राजवळ राहणाऱ्यांना सांगायला नको. मग हेरोदाने समुद्रातच बंदर बांधायला घेतले. इ.स.पू. २२ च्या सुमारास काम सुरू झाले आणि सुमारे बारा वर्षे चालले. प्रचंड लाकडी साचे पाण्यात बुडवून त्यांत चुना, दगड आणि ज्वालामुखीची राख यांचे मिश्रण ओतले गेले. ही राख पाण्याखालीही घट्ट होते. पाणबुड्या संशोधकांनी त्या काँक्रीटचे नमुने काढून तपासले, तेव्हा ती राख इटलीतील नेपल्सच्या परिसरातली असल्याचे आढळले. म्हणजे सुमारे २००० किलोमीटरवरून जहाजे भरभरून ती आणलेली होती.

शहराला त्याने कैसरिया नाव दिले. बंदराला 'सेबास्टोस' म्हटले. ऑगस्टस या शब्दाचेच ते ग्रीक रूप. धक्क्यावरच्या सर्वांत उंच मनोऱ्याला कैसराचा सावत्र मुलगा ड्रुसस याचे नाव मिळाले. बंदरासमोर एक उंच चौथरा रचून त्यावर रोम देवी आणि ऑगस्टस यांचे देऊळ उभारले, आत दोघांचे भव्य पुतळे बसवले. समुद्रातून येणाऱ्या खलाशाला पहिल्यांदा तेच दिसायचे. नाट्यगृह झाले, रथांच्या शर्यतींचे मैदान झाले, कार्मेल डोंगराच्या पायथ्याच्या झऱ्यांचे पाणी कमानींवरून शहरात आले. त्या कमानींची रांग आजही वाळूत उभी आहे.

हेरोद स्वतःला यहुद्यांचा राजा म्हणवत असे. यरुशलेमात देवाचे मंदिरही त्यानेच नव्याने बांधायला घेतले. एका हाताने देवाचे मंदिर आणि दुसऱ्या हाताने कैसराचे देऊळ. दोन्ही कामे एकाच काळात चालू होती. कैसराचे कैसराला आणि देवाचे देवाला द्या, असे प्रभू येशूने सांगितले (मत्तय २२:२१) ते अशा देशात. ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे नुसते नाणे नव्हते. अख्खे शहरच कैसराला देऊन झालेले होते.

३. पिलाताचा दगड

इ.स. ६ पासून यहुदीयावर रोमचे सुभेदार थेट राज्य करू लागले. त्यांचा मुक्काम यरुशलेमात नव्हता, तो कैसरियात होता. सणासुदीला गर्दी झाली की ते फौज घेऊन यरुशलेमला जात आणि काम संपले की समुद्राच्या वाऱ्याला परत येत. पोंती पिलात इ.स. २६ ते ३६ या काळात सुभेदार होता. वल्हांडणासाठी तो यरुशलेमला आला होता तेव्हाच प्रभू येशूला त्याच्यापुढे उभे करण्यात आले.

विश्वासांगीकारात प्रभू येशू व पवित्र मरिया यांच्याखेरीज एकाच माणसाचे नाव आपण घेतो : पोंती पिलात. तरी तो खरोखर होता याचा दगडावर कोरलेला पुरावा मिळाला नव्हता. तो १९६१ मध्ये याच कैसरियात मिळाला. इटालियन संशोधक नाट्यगृह खणत असताना एका पायरीचा दगड उलटा निघाला. जुना दगड उचलून नंतरच्या लोकांनी पायरीला लावला होता. त्यावर लॅटिन अक्षरे होती. निम्मी झिजलेली, पण पिलाताचे नाव आणि यहुदीयाचा अधिकारी ही त्याची पदवी वाचता येते. त्याने कैसर तिबेरियाच्या सन्मानार्थ बांधलेल्या इमारतीचा तो लेख आहे. मूळ दगड यरुशलेमच्या इस्राएल म्युझियममध्ये आहे, कैसरियात त्याची प्रतिकृती ठेवली आहे.

यहुदी इतिहासकार योसेफस याने पिलाताची एक गोष्ट नोंदवून ठेवली आहे. पिलाताने एका रात्री कैसराची चित्रे असलेले लष्करी ध्वज यरुशलेमात नेले. मूर्तीला मनाई असलेल्या पवित्र नगरीत हे घडलेले पाहून लोक चालत कैसरियाला आले आणि पाच दिवस त्याच्या वाड्याभोवती बसून राहिले. सहाव्या दिवशी पिलाताने त्यांना मैदानात बोलावले, शिपायांचा वेढा घातला आणि तलवारी उपसायला लावल्या. लोकांनी जमिनीवर पडून माना पुढे केल्या. मरू, पण आमच्या देवाचा नियम मोडू देणार नाही, असे ते म्हणाले. पिलात नमला. ध्वज परत आले.

कैसराच्या शहरात, कैसराच्या अधिकाऱ्यापुढे, नि:शस्त्र माणसे सांगत होती की काही गोष्टी कैसराच्या नाहीत.

४. कर्नेल्याचा उंबरठा

आता प्रेषितांची कृत्ये, अध्याय १० व ११ पूर्ण वाचा.

कर्नेल्य हा इटलीच्या पलटणीतला शताधिपती होता. म्हणजे शहर कैसराचे, पगार कैसराचा, शपथही कैसराची. पण हा माणूस देवाला भिणारा होता, गरिबांना दानधर्म करणारा आणि नेमाने प्रार्थना करणारा. दुपारी तीनच्या सुमाराला त्याला दर्शन झाले : यापोला माणसे पाठव आणि पेत्राला बोलावून घे.

यापो तिथून दक्षिणेला पन्नास-पंचावन्न किलोमीटरवर. पेत्र तिथे कातडी कमावणाऱ्या शिमोनाच्या घरी उतरले होते. माध्यान्ही ते धाब्यावर प्रार्थनेला गेले, भूक लागली, आणि त्यांना ते चादरीचे दर्शन झाले. चादरीत सर्व प्रकारचे प्राणी होते आणि खा म्हणून वाणी झाली. पेत्र नको म्हणाले. त्यांनी आयुष्यात कधी निषिद्ध काही तोंडात घातले नव्हते. देवाने जे शुद्ध केले त्याला अशुद्ध म्हणू नको, असे त्यांना तीनदा सांगावे लागले. पेत्रांना एकदा सांगून पुरत नसे, हे आपल्याला ठाऊकच आहे. आपल्यालाही पुरत नाही.

ते अर्थ लावत बसले असतानाच खाली दाराशी कर्नेल्याची माणसे येऊन उभी राहिली. पेत्रांनी त्यांना आत घेऊन मुक्कामाला ठेवले. पहिला दरवाजा तिथे उघडला. दुसऱ्या दिवशी सहा बांधवांना सोबत घेऊन ते निघाले आणि त्याच्या पुढच्या दिवशी कैसरियात पोचले.

वाटेत त्यांच्या मनात काय चालले असेल? समोर ते शहर आणि देवळातले ते पुतळे. जिथून पिलात यरुशलेमला आला होता ते ठिकाण. ज्या सैन्याने आपल्या प्रभूला क्रुसावर खिळले त्याच सैन्याच्या अधिकाऱ्याचे घर. धर्माने वाढलेला यहुदी परराष्ट्रीयाच्या घरात पाऊल टाकत नसे. पेत्रांनी ते उंबरठ्यावर सर्वांसमक्ष बोलूनही दाखवले. कर्नेल्य पाया पडू लागला, तर त्यांनी त्याला उठवले : मीही माणूसच आहे. त्या शहरात माणसाला देव करून देवळात बसवले होते. तिथे हे शब्द केवढे मोठे!

मग ते प्रवचन झाले, जे आपण पुनरुत्थान रविवारी ऐकतो. ते संपण्याआधीच पवित्र आत्मा ऐकणाऱ्यांवर उतरला. बाप्तिस्म्याआधी, कोणाच्या परवानगीआधी. पेत्रांना एवढेच विचारणे उरले की आता यांना पाणी कोण नाकारणार? सर्वांचा बाप्तिस्मा झाला आणि पेत्र काही दिवस त्यांच्याकडे राहिले.

राहिले म्हणजे त्यांच्या ताटात जेवले. यरुशलेमला परतल्यावर बोल लागला तो यावरूनच. बाप्तिस्मा का दिलास असे कोणी म्हटले नाही. त्यांच्या घरी जाऊन जेवलास कसा, असे विचारले (११:३). पेत्रांनी सारे क्रमाने सांगितले, तेव्हा ते गप्प झाले आणि त्यांनी देवाचा गौरव केला.

बंधुभगिनींनो, हा प्रसंग आपल्या कुळाचा आहे. आपले पूर्वज यहुदी नव्हते. आपल्या घरातल्या प्रत्येक बाळाच्या डोक्यावर जे पाणी पडले त्याची वाट कर्नेल्याच्या उंबरठ्यावरून आली आहे. त्या दिवशी पेत्र बाहेरच थांबले असते तर आपणही बाहेरच राहिलो असतो.

५. पौलांची दोन वर्षे

कैसरियातल्या ख्रिस्ती मंडळींचे घर नंतरही उघडे राहिले. सुवार्तिक फिलिप तिथे स्थायिक झाले होते. त्यांच्या चार मुली देवाचा संदेश सांगत असत. संत पौल शेवटच्या वेळी यरुशलेमला जाताना त्यांच्याकडेच उतरले. तिथेच अगब नावाच्या संदेष्ट्याने पौलांचा कमरपट्टा घेऊन स्वतःचे हातपाय बांधून दाखवले : या पट्ट्याच्या मालकाचे असे होईल. सगळे रडू लागले. पौल थांबले नाहीत (२१:८-१४).

तसेच झाले. यरुशलेमात त्यांना अटक झाली, जिवे मारण्याचा कट उघड झाला आणि रोमी सरदाराने त्यांना रातोरात कैसरियाकडे रवाना केले. एका कैद्यासाठी २०० शिपाई, ७० स्वार आणि २०० भालाईत निघाले (२३:२३). त्यांना हेरोदाच्या वाड्यात ठेवले गेले. समुद्रात शिरलेल्या खडकावरचा एक वाडा उत्खननात उघडा झाला आहे. सुभेदारांचे निवासस्थान तेच असावे असे अभ्यासक मानतात.

सुभेदार फेलिक्स पौलांना बोलावून ऐकत असे. ऐकून घाबरत असे आणि लाच मिळेल अशी आशाही धरत असे. निकाल मात्र देत नसे. दोन वर्षे अशी गेली. तारखा पडतात आणि निकाल लागत नाही, हा अनुभव आपल्यापैकी ज्यांना आहे त्यांनी संत पौलांना आपला सोबती समजावे. नवा सुभेदार फेस्त आला. त्याने यरुशलेमला चल म्हणताच पौलांनी रोमी नागरिकाचा हक्क वापरला : मी कैसराकडे दाद मागतो. कैसराच्या नावाच्या शहरातून कैसराच्या शहराकडे जाण्याचा रस्ता असा उघडला. हेरोदाने ज्या बंदरातून रोमशी नाते जोडले होते, तिथूनच एक कैदी म्हणून संत पौल निघाले आणि शुभवर्तमान रोमपर्यंत घेऊन गेले.

६. एका बोळाचे भांडण

इथे ही गोष्ट संपली असती तर बरे वाटले असते. पण शहराचा इतिहास पुरता सांगायला हवा.

कैसरियात यहुदी आणि ग्रीक शेजारी शेजारी राहत. शहर कोणाचे, हा वाद जुना होता. यहुदी म्हणत की बांधणारा राजा आमचा. ग्रीक म्हणत की शहर यहुद्यांसाठी असते तर त्यात देवळे आणि पुतळे कशाला उभे राहिले असते? सम्राट नीरोने ग्रीकांच्या बाजूने निकाल दिला. त्यातच इ.स. ६६ मध्ये एक लहान भांडण पेटले. योसेफस सांगतो की यहुद्यांच्या सभास्थानाला लागून एका ग्रीकाची जमीन होती. सभास्थानाच्या लोकांनी तिच्यासाठी किमतीच्या कितीतरी पट पैसे देऊ केले. त्याने विकली तर नाहीच, उलट तिच्यावर गाळे बांधले आणि जायला-यायला एक अरुंद बोळ ठेवला. पुढच्या शब्बाथला कोणीतरी त्या वाटेवर भांडे पालथे घालून त्यावर पक्षी बळी दिले. हाणामारी झाली. यहुदी आपले नियमशास्त्राचे ग्रंथ उचलून गावाबाहेर गेले. सुभेदार फ्लोरस याने त्यांच्याकडून संरक्षणासाठी पैसे घेतले होते, पण वेळेला तो तिथे थांबलाच नाही.

त्यानंतर थोड्याच महिन्यांत कैसरियातल्या यहुद्यांची कत्तल झाली. एका तासाच्या आत २०,००० हून अधिक मेले, असा योसेफसचा आकडा आहे. देशभर युद्ध भडकले आणि इ.स. ७० मध्ये यरुशलेमचे मंदिर जळून गेले.

कर्नेल्याच्या घरात यहुदी आणि परराष्ट्रीय एका पंगतीला बसले, त्यानंतर तीस वर्षेही झाली नव्हती. गाव तेच होते. कर्नेल्याच्या घरात आलेल्यांपैकी काही जण तेव्हा हयात असतील. एका दाराशी माणसे आत आली आणि एका बोळाशी माणसे मेली. आपल्याकडे वाटेवरून, बांधावरून, सामाईक भिंतीवरून भाऊ भावाशी वर्षानुवर्षे बोलत नाही, तेव्हा हा बोळ आठवावा.

७. पुस्तकांचे गाव

युद्धानंतर कैसरिया रोमी वसाहत झाले आणि ख्रिस्ती लोकही वाढत गेले. तिसऱ्या शतकात ओरिजेन हे थोर विद्वान अलेक्झांड्रियाहून इथे येऊन राहिले. जुन्या कराराचे हिब्रू व ग्रीक पाठ सहा स्तंभांत शेजारी शेजारी मांडलेला त्यांचा प्रचंड ग्रंथ इथल्या ग्रंथालयात ठेवलेला होता. संत पांफिलस यांनी ते ग्रंथालय वाढवले. ते स्वतः पवित्र ग्रंथाच्या नकला करीत आणि वाचायची आवड असलेल्यांना त्या देऊन टाकीत. नुसत्या पुरुषांना नव्हे, स्त्रियांनाही. चौथ्या शतकाच्या सुरुवातीच्या छळात त्यांनी रक्तसाक्ष दिली.

त्यांचे शिष्य युसेबियस पुढे कैसरियाचे बिशप झाले. ख्रिस्तसभेचा पहिला सलग इतिहास त्यांनी लिहिला. तो नसता तर पहिल्या तीन शतकांतल्या कितीतरी रक्तसाक्षींची नावेही आपल्याला कळली नसती. बायबलमधल्या गावांच्या नावांचा कोशही त्यांनीच केला. इ.स. ३२५ च्या निकेया परिषदेत त्यांनी आपल्या कैसरियाच्या मंडळीचा विश्वासांगीकार वाचून दाखवला होता. त्यांच्या काही मतांवर त्या काळी बराच वाद झाला, हेही खरे. पुढे सम्राट कॉन्स्टंटाइनने नव्या राजधानीतल्या चर्चसाठी ५० बायबले लिहून मागितली ती त्यांच्याकडेच. आता कैसर स्वतः कैसरियाकडे मागत होता, आणि मागत होता तो देवाचा शब्द! नंतर संत जेरोम यांनीही बायबलच्या अभ्यासासाठी या ग्रंथालयाचा उपयोग केला.

आणखी एक लहानशी गोष्ट. उत्खननात करवसुलीच्या कचेरीची एक इमारत सापडली आहे, सुमारे सहाव्या-सातव्या शतकातली. तिच्या जमिनीवर रंगीत खड्यांनी ग्रीकमध्ये रोमकरांस पत्र १३:३ मधला उपदेश लिहिला आहे : चांगले वागाल तर अधिकाऱ्याची भीती उरणार नाही, या अर्थाचा. ते शब्द लिहिणारे संत पौल याच गावात दोन वर्षे निकालाविना कोंडून होते. कर भरायला येणारा माणूस ते वाचून रांगेत बसत असेल. आत बसलेल्या अधिकाऱ्यांनीही वाचले असतील, अशी आशा करू या.

८. एक चौथरा, चार उपासनास्थाने

इ.स. ६४० च्या सुमारास शहर अरब सैन्याच्या हाती गेले. नाव तेच राहिले, फक्त अरबी उच्चाराने कैसारिया झाले. ११०१ मध्ये क्रुसयुद्धाच्या फौजांनी ते जिंकले. लोक मशिदीत आसऱ्याला शिरले, आणि तिथेच त्यांना कापून काढण्यात आले. क्रुसाचे चिन्ह अंगावर घेतलेल्यांनी हे केले, हे लपवून चालणार नाही. आपल्या लेकरांनी इतिहासात केलेल्या पापांबद्दल ख्रिस्तसभेने १२ मार्च २००० रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांच्या मुखाने देवाची जाहीर क्षमा मागितली, ते उगीच नव्हे.

लुटीत एक हिरवे पात्र मिळाले. ते जेनोवाला नेले गेले. पाचूचे आहे, प्रभूच्या शेवटच्या भोजनाचे आहे, अशी त्याची कीर्ती झाली. पुढे नेपोलियनच्या काळात ते पॅरिसला नेले आणि परत आले तेव्हा फुटलेले होते. पाचू नव्हे, काच निघाली.

१२५१-५२ मध्ये फ्रान्सचे राजे संत लुई यांनी शहराला भक्कम तट बांधला. तेरा वर्षांनी, १२६५ मध्ये, सुलतान बायबर्सने ते घेतले आणि तट पाडून टाकला. बंदर तर कधीच खचून पाण्याखाली गेले होते. शहर ओस पडले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बोस्नियाहून आलेली मुसलमान कुटुंबे अवशेषांत राहू लागली. त्यांची मशीद अजून उभी आहे. १९४८ च्या युद्धकाळात गावकऱ्यांना घरे सोडावी लागली आणि बहुतेक घरे पाडली गेली. आज जुन्या शहराचे राष्ट्रीय उद्यान झाले आहे.

बंदरासमोरचा तो चौथरा मात्र जागेवर आहे. हेरोदाने त्यावर कैसराचे देऊळ बांधले. ते गेल्यावर ख्रिस्ती लोकांनी आठ कोनी चर्च बांधले. मग तिथे मशीद झाली. मग क्रुसयुद्धाच्या काळातले चर्च. प्रत्येकाला वाटले असेल की आपलेच टिकणार. आज चारही नाहीत.

९. आपल्यासाठी

मग कैसरियात टिकले काय? कैसराचे नाव टिकले, पण कैसर नाही. काँक्रीट समुद्रतळाशी आहे. टिकला तो एक उंबरठा, ज्याचा एक दगडही कोणाला दाखवता येत नाही. त्यावरून पेत्र आत गेले आणि त्यांच्यामागून आपण सारे जण.

नाण्यावर कैसराचा छाप असतो म्हणून नाणे कैसराचे. माणसावर देवाची प्रतिमा असते (उत्पत्ती १:२७) म्हणून माणूस देवाचा. शेवटच्या बाकावर दर रविवारी एकटे बसणारे, नुकतेच राहायला आलेले कुटुंब. वेगळी भाषा बोलणारे भाडेकरू. ज्यांच्या घरचे पाणी आपले वाडवडील पीत नसत ते. ज्यांच्याशी आपले बांधावरून वाजले आहे ते. या सर्वांवर तोच छाप आहे. पेत्रांना तीनदा सांगावे लागले. आपल्याला किती वेळा, हे ज्याचे त्याने ठरवावे.

चिंतनासाठी आणि घरच्या रोझरीनंतर चर्चेसाठी :

१) प्रेषितांची कृत्ये १०:२३-२९ वाचा. मी आजवर ज्याच्या घरात पाऊल टाकले नाही असा कोण आहे? का टाकले नाही?

२) माझ्या आयुष्यात असा एखादा 'बोळ' आहे का, ज्याच्यापायी बोलणे बंद आहे? पहिले पाऊल कोण उचलणार?

३) माझ्या घरात, पैशात, वेळात कैसराच्या नावाचे किती आणि देवाच्या नावाचे किती?

प्रार्थना : हे प्रभू, तुझ्या आत्म्याने आमची वाट न पाहता कर्नेल्याचे घर भरून टाकलेस. आमची दारेही उघड. आमच्या दाराशी तू ज्यांना पाठवतोस त्यांना आत घेण्याचे बळ आम्हांला दे. आमेन.